जुन्या गाडीचे मीटर लाइट : बल्ब बदलण्यापूर्वी अर्थिंग तपासा

मोटारीच्या इलेक्ट्रिक कामात मीटर लाइटचे काम सर्वांत किरकोळ समजले जाते. रात्री डॅशबोर्डवरचा काटा दिसत नाही म्हणून गिऱ्हाईक येते. कारागीर मागून हात घालून बल्ब काढतो, नवा लावतो आणि पैसे घेतो. पंधरा दिवसांनी तीच गाडी पुन्हा दारात उभी राहते. या वेळी बल्ब शाबूत असतो, पण उजेड नसतो. पुन्हा बल्ब बदलला जातो. गिऱ्हाइकाला वाटते, कारागिराला काम येत नाही. कारागिराला वाटते, गाडीच भंगार आहे. दोघांचेही म्हणणे चुकीचे असते. बिघाड बल्बमध्ये नव्हताच, तो दुसरीकडे होता आणि तो कोणी शोधलाच नाही.

या लेखात आम्ही हा बिघाड शोधण्याची रीत सांगणार आहोत. नागपुरातील गॅरेजवाले, ऑटो इलेक्ट्रिशियन, मीटर दुरुस्त करणारे आणि सुट्या भागांचे दुकानदार या सर्वांशी या विषयाचा संबंध आहे. काम लहान आहे, पण त्यात कारागिराची पत पणाला लागते. हलगर्जी झाली तर डॅशबोर्डमागे आगही लागू शकते.

जुन्या गाड्यांचे नवे गिऱ्हाईक

बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होणारी ॲम्बेसेडर मे २०१४ मध्ये बंद झाली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट आणि तिचेच पुढचे नाव असलेली प्रीमियर पद्मिनी यांचे उत्पादन त्याआधीच थांबले होते. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतला. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली मारुती ८०० सुद्धा २०१४ मध्ये बंद झाली. तिच्या पहिल्या गाड्यांनी आता चाळिशी ओलांडली आहे.

एके काळी हिवाळी अधिवेशन आले की नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये पांढऱ्या ॲम्बेसेडरांच्या रांगा लागत. त्या वेळी ही सरकारी आणि टॅक्सीची गाडी होती. दुरुस्ती स्वस्तात आणि आजच्या आज हवी असे. आज जी ॲम्बेसेडर, फियाट, स्टँडर्ड हेराल्ड किंवा जीप शिल्लक आहे ती शौकिनाच्या घरी आहे. कोणी वडिलांची आठवण म्हणून ठेवतो, कोणी लग्नाच्या वरातीला देतो, कोणी जुन्या गाड्यांच्या रॅलीत नेतो. या मालकाला घाई नसते. काम पक्के व्हावे आणि गाडीचे मूळ रूप बिघडू नये, एवढीच त्याची अपेक्षा असते.

सरकारनेही मूळ रूपाला किंमत दिली आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, धंद्यासाठी न वापरली जाणारी आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी व चारचाकी या नियमात येते. तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. त्या नियमात नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये आणि नूतनीकरणासाठी ५,००० रुपये शुल्क ठरले. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. १९७० च्या आसपासची ॲम्बेसेडर किंवा फियाट ५० वर्षांची ही अट आता पूर्ण करते. म्हणून तिच्या डॅशबोर्डला भोके पाडणारा, मूळ होल्डर फेकून देणारा कारागीर मालकाचे मोठे नुकसान करतो.

वीज कोणत्या वाटेने जाते

पार्किंग लाइटचे बटण ओढले की बॅटरीची वीज स्विचमध्ये येते. तिथून एक वाट मागच्या-पुढच्या पार्किंग लाइटकडे जाते, दुसरी मीटर लाइटकडे. अनेक गाड्यांत या दुसऱ्या वाटेवर उजेड कमी-जास्त करणारे गोल बटण असते, त्याला रिओस्टॅट म्हणतात. तिथून वीज बल्बच्या होल्डरमध्ये जाते. बल्बमधून बाहेर पडलेली वीज होल्डरच्या पत्र्यातून मीटरच्या डब्यात, डब्यातून पट्टीत, पट्टीतून डॅशबोर्डच्या पत्र्यात आणि बॉडीतून पुन्हा बॅटरीत येते.

परतीची ही वाट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जाण्याच्या वाटेला तांब्याची वायर आहे. परतीच्या वाटेवर मात्र ठिकठिकाणी पत्र्याला पत्रा टेकलेला आहे. प्रत्येक टेकलेल्या जागी गंज, धूळ किंवा रंग शिरू शकतो. नागपूरच्या हवेत हे आणखी लवकर घडते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, बंद गाडीत त्याहून जास्त तापते. प्लास्टिकचे होल्डर कडक होतात, पत्र्याच्या पट्ट्यांची स्प्रिंग ढिली होते. मग जूनमध्ये पाऊस येतो आणि त्या ढिल्या जागेत ओल शिरते. दोन-तीन महिने उभ्या राहिलेल्या गाडीत उंदीर वायर कुरतडतात, ते वेगळेच.

ब्रिटिश पद्धतीच्या वायरिंगमध्ये रंगांची खूण ठरलेली आहे. तपकिरी वायर म्हणजे बॅटरीची थेट वीज, पांढरी म्हणजे चावी लावल्यावर येणारी, हिरवी म्हणजे चावीनंतर फ्यूजमधून गेलेली, लाल म्हणजे पार्किंग लाइटची, लालवर पांढरी रेघ म्हणजे मीटर लाइटची आणि काळी म्हणजे अर्थची. ॲम्बेसेडर मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली असल्यामुळे तिच्यात हीच खूण शोधावी. फियाटची पद्धत इटालियन, तिचे रंग वेगळे. मात्र चाळीस वर्षांत कितीतरी हातांनी हाती लागेल ती वायर जोडलेली असते. म्हणून रंगावरून फक्त अंदाज बांधावा आणि खात्री मीटर लावूनच करावी.

थोडा व्होल्टेज गेला की उजेड निम्मा

साध्या तारेच्या बल्बचा एक गुण पुष्कळ कारागिरांना माहीत नसतो. व्होल्टेज थोडे घटले की उजेड त्या मानाने फार जास्त घटतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी कमी झाले तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतो. वीस टक्क्यांनी कमी झाले तर निम्म्याहूनही कमी उजेड उरतो. म्हणजे १२ व्होल्टच्या बल्बला ९.६ व्होल्ट मिळाले की बल्ब लागतो खरा, पण काटा दिसत नाही. अशा वेळी नवा बल्ब लावून काहीच साधत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. व्होल्टेज पाच टक्क्यांनी वाढले तर बल्बचे आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते. ज्या गाडीत मीटरचे बल्ब वारंवार उडतात तिथे बल्बच्या कंपनीला दोष देण्याआधी कटआउट किंवा अल्टरनेटरचा रेग्युलेटर तपासावा. अल्टरनेटरच्या १२ व्होल्ट गाडीत इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट असावेत. १५ च्या वर गेले तर रोग तिथे आहे.

आधी विचारा, मग हात घाला

गिऱ्हाइकाला चार प्रश्न विचारले तर अर्धे काम तिथेच होते.

पहिला : सगळे मीटर लाइट गेले की एखादाच? एखादाच गेला असेल तर बल्ब किंवा होल्डर पाहावा. सगळे एकदम गेले असतील तर स्विच, फ्यूज, रिओस्टॅट किंवा अर्थ.

दुसरा : पार्किंग लाइट लागतात का? तेही लागत नसतील तर डॅशबोर्ड उघडण्याचे कारण नाही, बिघाड स्विचच्या आधी आहे.

तिसरा : खड्ड्यातून गेल्यावर लाइट मिचकावतात का? तसे असेल तर काहीतरी ढिले आहे.

चौथा : बिघाड कशानंतर सुरू झाला? डेंटिंग-पेंटिंगनंतर सुरू झाला असेल तर पट्टीच्या खाली रंग गेला आहे असे समजावे; कारण रंगातून वीज जात नाही. टेप बसवल्यानंतर सुरू झाला असेल तर टेपवाल्याने कुठली वायर तोडून जोडली ते शोधावे.

आणखी एक खूण सांगतो. अनेक गाड्यांत पेट्रोलच्या काट्यासाठी मीटरमागे १० व्होल्टचा लहान स्टॅबिलायझर असतो. त्याचा अर्थ तुटला की त्यातून पूर्ण १२ व्होल्ट बाहेर येतात आणि काटा खऱ्यापेक्षा वर दाखवतो. टाकीत पेट्रोल थोडे, काटा मात्र वर आणि मीटर लाइट मंद, असे तिन्ही एकत्र दिसले तर डॅशबोर्डच्या अर्थकडेच आधी जावे. इंडिकेटर लावला की मीटर लाइट त्याच्या तालावर मिचकावतात, हीही अर्थ तुटल्याची खूण आहे. परतीची वाट बंद झाली की वीज दुसऱ्या बल्बमधून आडवाट काढते.

डॅशबोर्ड उघडताना

बॅटरीचे एक टोक सोडवल्याशिवाय डॅशबोर्डमागे हात घालू नये. बॉडीला जोडलेले टोक आधी सोडवावे आणि शेवटी लावावे. हे टोक नेहमी मायनस असेलच असे नाही. १९५० च्या दशकातील अनेक ब्रिटिश गाड्यांत प्लस बॉडीला जोडलेला असतो. युद्धकाळातील विलिस जीप तर ६ व्होल्टची आहे. तिच्यात १२ व्होल्टचा बल्ब लावला की तो मंदच दिसणार. म्हणून व्होल्ट किती आणि बॉडीला कोणते टोक, हे दोन्ही बॅटरीजवळच पाहून घ्यावे.

मीटर बाहेर ओढताना स्पीडोमीटरची केबल आधी सोडवावी. काही जुन्या गाड्यांत ऑइल प्रेशरच्या मीटरला थेट तेलाची बारीक नळी येते. ती तुटली तर तेल गाडीत सांडते. तापमानाच्या जुन्या मीटरला केसासारखी बारीक नळी असते, तिच्यात इथर भरलेले असते. ती कापली किंवा पिळली तर ते मीटर कायमचे गेले. वायर सोडवण्यापूर्वी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढावेत आणि प्रत्येक वायरला चिकटपट्टीचा नंबर लावावा.

आणखी एक सावधगिरी जिवाशी संबंधित आहे. युद्धकाळातील जीप आणि त्याआधीच्या काही गाड्यांच्या मीटरवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग आहे. आता तो चमकत नाही, म्हणून तो निरुपद्रवी झाला असे नाही. चमकणारा पदार्थ झिजला, पण रेडियमचा किरणोत्सार निम्मा व्हायलाच सुमारे १६०० वर्षे लागतात. अशा मीटरची काच उघडू नये, रंग खरवडू नये, त्यावर फुंकर मारू नये. दुरुस्ती मागच्या बाजूनेच करावी आणि हात धुवावेत.

मोजमाप : तीन आकडे पुरेत

टेस्ट लॅम्पने वीज आहे की नाही एवढे कळते. किती आहे हे कळण्यासाठी मल्टिमीटर लागतो. पुष्कळजण मल्टिमीटरचा फक्त बझर वापरतात : बीप वाजली म्हणजे वायर चांगली. इथेच फसगत होते. बझर काही ओहमचा अडथळा असला तरी वाजतो, आणि मीटर लाइट मंद करायला तीन-चार ओहम पुरेसे आहेत. म्हणून बल्ब लावून, लाइट चालू ठेवून मोजावे. त्यासाठी उघड्या वायरींना टेप लावून बॅटरी पुन्हा जोडावी लागते.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवावा. तीन मीटर लांबीची वायर घेऊन बॅटरीची टोके डॅशबोर्डपर्यंत आणावीत. खालील मोजणी मायनस अर्थच्या गाडीची आहे. प्लस अर्थ असेल तर टोके उलटी समजावीत.

पहिला आकडा : बल्बच्या दोन टोकांवर किती व्होल्ट मिळतात.

दुसरा आकडा : बॅटरीचा प्लस आणि होल्डरचा मधला ठिपका यांच्यात किती व्होल्ट दिसतात. ही जाण्याच्या वाटेवरची गळती. रिओस्टॅट पूर्ण उघडा ठेवून ती अर्ध्या व्होल्टच्या आत असावी.

तिसरा आकडा : बॅटरीचा मायनस आणि मीटरचा डबा यांच्यात किती व्होल्ट दिसतात. ही परतीच्या वाटेवरची गळती. ती ०.१ ते ०.२ व्होल्टच्या वर नसावी.

समजा बॅटरीवर १२.६ व्होल्ट आहेत. बल्बवर ९.६ मिळाले. जाण्याच्या वाटेवर ०.६ आणि परतीच्या वाटेवर २.४ गेले. तिन्हींची बेरीज १२.६ येते, म्हणजे मोजणी बरोबर आहे. आता बिघाड कुठे आहे ते वहीत लिहून मिळाले. जाण्याच्या वाटेची गळती मर्यादेच्या जरा वर आहे, स्विच साफ करून ती सुधारेल. खरा रोग २.४ व्होल्टचा, म्हणजे अर्थचा. २.२ वॉटचे चार बल्ब मिळून पाऊण ॲम्पियरच्या जवळपास करंट घेतात. एवढ्याशा करंटवर सव्वादोन व्होल्टहून जास्त खाणारा अडथळा साडेतीन ओहमच्या आसपासचा असतो. बझर त्यावरही बीप वाजवतो.

बेरीज जमली नाही तर मोजणी पुन्हा करावी. अंदाजाने पुढे जाऊ नये.

दुरुस्ती

अर्थचा बिघाड असेल तर पट्टी, नट आणि डब्याची टेकणारी जागा बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करावी. रंगवलेल्या डॅशबोर्डचा दर्शनी रंग खरवडू नये. मागच्या बाजूला नटाएवढी जागा मोकळी केली की पुरते. त्याहून चांगले म्हणजे मीटरच्या मागच्या स्क्रूला थिंबल लावून एक काळी वायर थेट बॉडीच्या पक्क्या बोल्टपर्यंत न्यावी. १ चौरस मिलिमीटरची वायर पुरेशी आहे. जोडावर थोडी पेट्रोलियम जेली लावली की पावसाळ्यात गंज धरत नाही. ही वायर मागे राहते, दिसत नाही आणि उद्या कोणाला नको असेल तर एका स्क्रूने निघते. गाडीचे मूळ रूप तसेच राहते.

होल्डरच्या पट्ट्या ढिल्या झाल्या असतील तर नोज प्लायरने हलकेच वाकवून पुन्हा घट्ट कराव्यात. मधला ठिपका काळा पडला असेल तर साफ करावा.

रिओस्टॅटवर शंका असेल तर त्याची दोन टोके क्षणभर एका वायरने जोडून पाहावीत. लाइट एकदम उजळले तर दोष तिथेच आहे. अनेकदा आतल्या गुंडाळीवर नुसता मळ असतो. बॅटरी सोडवून बटण वीस-पंचवीस वेळा इकडे-तिकडे फिरवले आणि कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारला की तो निघतो. गुंडाळीची तार बारीक असते, तिच्यावर पॉलिश पेपर घासू नये. तार तुटलीच असेल तर मालकाला विचारून बायपास करावे, पण जुना रिओस्टॅट जागेवरच राहू द्यावा.

बल्ब निवडताना जुन्या बल्बचे बूड पाहावे. आट्याचे, पिनांचे आणि नुसते काचेचे असे तीन प्रकार भेटतात. वॉट तेवढेच ठेवावेत. उजेड कमी पडतो म्हणून २.२ वॉटच्या जागी ५ वॉटचा बल्ब लावणे ही वाईट सवय आहे. दुपटीहून जास्त उष्णता होते, होल्डर वितळतो, मीटरच्या तबकडीचा रंग तडकतो आणि रिओस्टॅट जळतो. जुना बल्ब लागत असला तरी त्याची काच काळवंडली असेल तर बदलावा. मीटरच्या डब्याचा आतला पांढरा रंग पिवळा पडला असेल, आत धूळ असेल, तर मऊ ब्रशने साफ केल्यावरच उजेडात फरक पडतो.

नंतरच्या गाड्यांत मीटरमागे वायरऐवजी लवचिक छापील सर्किट असते. त्यावर तांब्याची पट्टी उचकटलेली दिसली तर मोठ्या सोल्डरिंग आयर्नने भाजू नये. बारीक टोकाच्या आयर्नने पातळ वायरचा पूल बांधावा.

फ्यूज : इथे चुकारपणा नको

जुन्या ब्रिटिश वायरिंगमध्ये दोनच फ्यूज असत आणि पार्किंग व मीटर लाइटची वाट अनेक गाड्यांत फ्यूजशिवायच होती. म्हणजे मीटरमागचा होल्डर निसटून बॉडीला टेकला तर बॅटरीची सगळी ताकद त्या बारीक वायरमधून धावते. वायर लाल होते, शेजारच्या वायरींचे कातडे वितळते आणि डॅशबोर्डमागून धूर येतो. म्हणून लाल-पांढऱ्या वायरच्या सुरुवातीला ३ ॲम्पियरचा लहान फ्यूज बसवावा. चार बल्बांच्या पाऊण ॲम्पियरला तो पुरतो. फ्यूजला चांदीचा कागद किंवा तार गुंडाळणे म्हणजे फ्यूज काढून टाकणेच आहे. ते दिसले तर गिऱ्हाइकाला दाखवून बदलून द्यावे.

एलईडीचा मोह

आजकाल प्रत्येक गिऱ्हाईक एलईडी मागते. कमी करंट, कमी उष्णता, हे खरे आहे. पण चार गोष्टी आधी सांगाव्यात. एलईडीला प्लस-मायनस लागते. प्लस अर्थच्या गाडीत साधा एलईडी उलटा बसून बंदच राहतो. जुना रिओस्टॅट एलईडीला नीट मंद करत नाही. हिरव्या किंवा निळ्या काचेमागे एलईडीचा रंग मूळ उजेडासारखा दिसत नाही, आणि जुन्या गाडीचा शौकीन नेमके तेच पाहतो. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अल्टरनेटर असलेल्या अनेक गाड्यांत चार्जिंगचा लाल दिवा केवळ खूण नसतो. त्याच्यातून जाणारा करंट अल्टरनेटरला जागे करतो. तिथे एलईडी लावला तर करंट इतका कमी होतो की अल्टरनेटर चार्जिंग सुरू करत नाही किंवा उशिरा करतो. दोन दिवसांनी बॅटरी उतरते आणि गिऱ्हाईक बॅटरीवाल्याशी भांडते. म्हणून या दिव्याला साधा बल्बच ठेवावा.

सुटे भाग आणि मेहनताना

ॲम्बेसेडरचे होल्डर, स्विच आणि मीटर यांच्यासाठी कोलकात्याचा मलिक बाजार आणि दिल्लीचा कश्मिरी गेट बाजार प्रसिद्ध आहेत, फियाटसाठी मुंबई. नागपूर हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई या दोन्ही रेल्वेमार्गांवर आहे, हा आपल्या दुकानदारांचा फायदा आहे. जे दुकानदार असे किरकोळ भाग निवडून, साफ करून, तपासून ठेवतील त्यांच्याकडे शौकीन दूरवरून येतील. मात्र जुना माल पक्क्या बिलानेच घ्यावा. चोरीच्या गाडीचा भाग अजाणता घेतला तरी कटकट दुकानदाराच्याच मागे लागते.

मेहनतान्याबद्दल आमचे स्पष्ट मत आहे. या कामात माल दहा-वीस रुपयांचा आणि शोध दोन तासांचा असतो. कारागीर शोधाचे पैसे मागायला संकोचतो आणि मग ते बल्बच्या किमतीत लपवतो. त्यातून संशय वाढतो. त्यापेक्षा तपासणीची मजुरी आधीच वेगळी सांगावी. तीन आकडे कागदावर लिहून गिऱ्हाइकाला दाखवावेत : दुरुस्तीपूर्वी बल्बवर ९.६ व्होल्ट, दुरुस्तीनंतर १२. ज्याला विजेतले काही कळत नाही त्यालाही हा फरक कळतो. काढलेले जुने भाग पिशवीत घालून परत द्यावेत. कामाची किती दिवसांची हमी ते बिलावर लिहावे.

नव्या गाड्यांत मीटरचा संपूर्ण संच बंद डब्यात येतो आणि बिघडला की तो अख्खा बदलला जातो. तिथे उघडून दुरुस्त करणाऱ्या हाताला वाव कमी होत चालला आहे. पण व्होल्टची गळती मोजण्याची ही रीत गाडीबरोबर जुनी होत नाही. नागपूरच्या रस्त्यांवर धावणाऱ्या ई-रिक्षाचा दिवा मंद झाला, ट्रकचा टेल लाइट मिचकावू लागला किंवा ट्रॅक्टरचा स्टार्टर जोर धरेना, तरी याच तीन आकड्यांनी दोष सापडतो. म्हणून उस्तादांनी आपल्या शागिर्दाच्या हातात पहिल्याच वर्षी मल्टिमीटर द्यावा आणि बल्ब बदलण्याआधी बेरीज करायला शिकवावे. ज्या मुलाला ही बेरीज येईल तो कोणत्याही गाडीपुढे बेधडक उभा राहील, आणि त्याच्याकडे आलेले गिऱ्हाईक त्याच बिघाडासाठी दुसऱ्यांदा येणार नाही.